वसाहतीचा झाला 'प्रांत', पण सत्ता लिस्बनलाच! गोव्यातल्या पोर्तुगीज 'सुधारणां'चं प्रकरण काय होतं?

गोवामुक्ती म्हटलं की 19 डिसेंबर 1961 आणि 'ऑपरेशन विजय' आठवतं. पण सैन्य गोव्यात शिरण्याआधी भारताने जवळपास बारा वर्षं पोर्तुगालवर राजनैतिक दबाव टाकला होता. त्या दबावाला हुकूमशहा सालाझारने दिलेलं उत्तर मोठं चलाख होतं.

सुरुवात कुठून झाली?

फेब्रुवारी 1950 मध्ये भारताने पोर्तुगालकडे गोवा, दमण आणि दीवबद्दल बोलणी सुरू करण्याची मागणी केली. उत्तर आलं की या वसाहती नाहीतच, त्या पोर्तुगालचा भाग आहेत, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच येत नाही.

पुढच्याच वर्षी, जून 1951 मध्ये पोर्तुगालने राज्यघटना बदलली. 'वसाहत' हा शब्द गेला आणि 'सागरपार प्रांत' हा शब्द आला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 73 सांगतं की, ज्या देशाच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश आहेत, त्याने त्यांची माहिती संयुक्त राष्ट्रांना नियमित द्यायची. आता वसाहतच नाही म्हटल्यावर माहिती कसली द्यायची? डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. त्यानंतर त्याला याबद्दल विचारणा झाली, तेव्हा 'आमच्याकडे असा एकही प्रदेश नाही' असंच त्याने कळवलं.

मग गोवेकरांना काय मिळालं?

कागदावर बरंच काही. 1955 च्या नव्या कायद्याने विधान परिषदेत काही निवडून आलेले सदस्य घेतले, कारभारात थोडी स्वायत्तता दिली. लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधीही बसत होते. पण गव्हर्नर जनरल लिस्बनहूनच नेमला जायचा, विरोधी पक्षांना परवानगी नव्हती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. थोडक्यात, मत द्यायचं, पण विरोधात नाही.

म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी याचा अनुभव घेतला. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत एका वक्त्याने गोवा पोर्तुगीजच असल्याचं म्हटलं. डॉक्टरांनी तिथेच निषेध नोंदवला. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला रवाना करण्यात आलं.

दबाव कमी का पडला?

भारताने 1953 मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली. गोव्याची आर्थिक कोंडीही केली. 1955 मध्ये नानासाहेब गोरे, मधु लिमये यांच्यासारखे सत्याग्रही गोव्यात गेले आणि लांबलचक शिक्षा भोगायला तुरुंगात पडले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक जण मारले गेले.

पण पोर्तुगाल 'नाटो'चा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात गोव्याच्या संदर्भात 'पोर्तुगीज प्रांत' हाच शब्द येऊ दिला! भारतात संताप उसळला. सालाझारची शब्दांची कसरत आता एका महासत्तेच्या निवेदनात पोहोचली होती.

ती मोडायला 1960 साल उजाडावं लागलं. आफ्रिका-आशियातले नवे स्वतंत्र देश संयुक्त राष्ट्रांत आले आणि 15 डिसेंबर 1960 ला आमसभेने ठराव क्रमांक 1542 मंजूर केला. पोर्तुगालचे 'प्रांत' हे प्रत्यक्षात स्वशासन नसलेले प्रदेश आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आणि यादीत गोव्याचं नाव घातलं. सालाझार तरीही हलला नाही.

वर्षभराने भारतीय सैन्य गोव्यात गेलं. सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधीच्या ठरावाला 11 पैकी 7 मतं पडली, पण सोव्हिएत रशियाने व्हेटो वापरला. गोवा मुक्त झाला तरी मोहन रानडे जानेवारी 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 ला, म्हणजे लिस्बनमधली हुकूमशाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोसळल्यावर.