दोन वर्षांची आमदारकी, पुढे न्यायाधीशाची खुर्ची

पंचायतीला उभ्या राहिलेल्या आपल्या गटातल्या जणींना एक गोष्ट सांगायला नको. निवडणूक आली की बाईच्या कामाआधी तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. आज आम्ही ॲना चंडी यांच्याबद्दल सांगणार आहोत. त्यांनाही हे चुकलं नव्हतं.

ॲनाबाईंचा जन्म १९०५ सालचा, त्रावणकोर संस्थानातला. ते संस्थान म्हणजे आजच्या केरळचा दक्षिण भाग. त्या काळी बाईनं वकील होणं सोपं नव्हतं. आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी विलायतेत कायदा शिकून आल्या, तरी ब्रिटिश मुलखात बायकांना वकिलीची वाट १९२३च्या कायद्यानंच मोकळी झाली. ॲनाबाईंनी त्रावणकोरात कायद्याची पदवी घेतली. केरळात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या. १९२९पासून त्या कोर्टात उभ्या राहू लागल्या.

त्याच सुमारास बायकांना सरकारी नोकरी द्यावी की नाही, यावर तिथं मोठा वाद पेटला. बायका बाहेर पडल्या तर संसार मोडेल, असं विरोधकांचं म्हणणं. (हे वाक्य ओळखीचं वाटलं ना?) ॲनाबाईंनी भर सभेत, कोर्टात मांडावेत तसे, एकेक मुद्दे खोडून काढले. बाई म्हणजे नवऱ्याच्या सुखासाठी घडवलेली वस्तू नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ‘श्रीमती’ नावाचं बायकांचं मासिकही त्यांनी काढलं.

१९३१ साली त्या श्रीमूलम प्रजासभेसाठी उभ्या राहिल्या. प्रजासभा म्हणजे संस्थानची विधानसभाच म्हणा. विरोधी उमेदवार तुटून पडले, वर्तमानपत्रांनीही सोडलं नाही. त्या मागे हटल्या नाहीत, आणि १९३२ ते १९३४ प्रजासभेत बसल्या.

दोनच वर्षं. आपल्याकडे एका मुदतीनंतर आरक्षण बदललं की बाईला लगेच ‘माजी’ म्हणून बाजूला बसवतात. ॲनाबाई बाजूला बसल्या नाहीत. त्रावणकोरात बायकांना फाशीतून सूट होती. हक्क बरोबरीचे हवेत तर शिक्षाही बरोबरीचीच, म्हणून ती सूटही नको, असं त्यांचं मत. यावर आमच्या गटात दोन तट पडले. आम्हाला स्वतःला फाशीच पटत नाही, पण सवलत आणि हक्क यांत फरक आहे हे त्यांचं म्हणणं मात्र पटतं.

१९३७ साली दिवाणांनी त्यांना मुन्सफ नेमलं, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीश. १९४८ला त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या. १९५९ साली केरळ उच्च न्यायालयात बसल्या, देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयातली पहिली बाई म्हणून. १९६७ला निवृत्त झाल्या, नंतर कायदा आयोगावर गेल्या, आणि मल्याळममधून आत्मकथाही लिहिली.