पाचव्या मितीची गोष्ट

गुरुत्वाकर्षणाचे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे आपण शाळेत शिकवतो. हा ‘वर्ग’ आला कोठून, हे मात्र सहसा विचारले जात नाही. वस्तूभोवती गोल कल्पिला तर त्याचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि बलाचा प्रभाव तेवढ्या पृष्ठावर विभागला जातो. अवकाशाला तीनऐवजी चार मिती असत्या, तर वर्गाच्या जागी घन आला असता. म्हणजेच मिती किती, हे प्रयोगाने तपासता येते. पुढील इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवू या.

१९१५ साली आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धान्त पूर्ण केला. अवकाशाच्या तीन व काळाची एक, अशा चार मितींच्या भूमितीतून गुरुत्वाकर्षणाचा उलगडा झाला. विद्युत्चुंबकत्व मात्र बाहेरच राहिले. एप्रिल १९१९ मध्ये कोनिग्सबर्ग येथील गणिताचे अध्यापक थिओडोर कालुझा यांची एक कल्पना आइन्स्टाइनपर्यंत पोहोचली. त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे पाच मितींत लिहिली होती. चार मितींच्या भूमितीसाठी १० राशी लागतात, पाच मितींसाठी १५. (४×४ व ५×५ सममित सारणीतील वेगवेगळी पदे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावीत.) वाढलेल्या पाच राशींपैकी चार राशी मॅक्सवेलच्या विद्युत्चुंबकीय समीकरणांना जुळल्या! आइन्स्टाइनला कल्पना आवडली, पण शंकाही होत्या. निबंध प्रशियन अकादमीपुढे आला तो थेट डिसेंबर १९२१ मध्ये.

पण ही पाचवी मिती दिसत का नाही? १९२६ साली स्वीडनच्या ऑस्कर क्लाइन यांनी उत्तर सुचवले. दुरून दोरी नुसती रेषा दिसते. दोरीवरच्या मुंगीला मात्र तिच्याभोवतीही फिरता येते. तशी ही मिती स्वतःभोवती गुंडाळलेली असावी. तिचा घेर त्यांनी काढला तो असा: एका सेंटिमीटरला एकावर तीस शून्ये इतक्या संख्येने भागावे. एवढे सूक्ष्म अंतर कोणत्या उपकरणाने पाहणार? कल्पना मागे पडली.

स्ट्रिंग सिद्धान्ताने ती पुन्हा वर आणली. मूलकण हे बिंदू नसून कंप पावणाऱ्या तारा आहेत, हे त्याचे गृहीत. आरंभीच्या गणिताला २६ मिती लागत. १९७१ मध्ये रॅमाँ, नव्ह व श्वार्ट्‌झ यांनी त्यात फर्मिऑन आणले, तेव्हा मिती १० वर आल्या. त्याच वाटेवर बोसॉन व फर्मिऑन यांची जोडी लावणारी अतिसममिती पुढे आली. १९८४ मध्ये ग्रीन व श्वार्ट्‌झ यांनी सिद्धान्तातील एक मोठी विसंगती दूर केली. १९९५ मध्ये विटन यांनी अकराव्या मितीकडे बोट दाखवले.

प्रयोगाचे काय? १९९८ मध्ये अर्कानी-हमेद, दिमोपोलुस व द्वाली यांनी जादा मिती मिलिमीटरच्या आसपासही असू शकतील, असे मांडले. मग आपला ‘वर्ग’ लहान अंतरावर बिघडायला हवा. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने पिळाच्या तराजूने मोजमाप केले. २०२० पर्यंत ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत तरी नियम टिकला. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकात अतिसममितीने सांगितलेला एकही जोडीदार कण आजवर सापडलेला नाही.

म्हणून सिद्धान्त खोटा ठरला, असे म्हणता येत नाही; मिती अधिक सूक्ष्म व कण अधिक जड असू शकतील. पण तो खरा ठरला, असेही आपण वर्गात सांगू नये. गणित जुळणे व निसर्गात तसे आढळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी दिसत नाही.