मागच्या रांगेंतील वादक : मिल्ट हिंटन

देवळाच्या गायनमंडळींत ज्याचा आवाज सर्वांत खालचा, त्याच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. परंतु तो एखादे रविवारीं आला नाहीं म्हणजे बाकीचे स्वर कसे उघडे पडतात, हें चालकांसच विचारावें. जाझ संगीतांत हेंच काम डबल बास करितो. माणसाहून उंच, चार जाड तारांचें हें वाद्य मागच्या रांगेंत उभें असतें आणि ताल व सूर ह्या दोहोंचा पाया धरून ठेवतें. अमेरिकेंत सहा तपांच्या सुमारास हें व्रत चालविणाऱ्या मिल्ट हिंटन ह्यांची हकीकत आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म १९१० सालीं मिसिसिपी राज्यांतील व्हिक्सबर्ग येथें झाला. आजी गुलामगिरींत वाढलेली. जमावानें एका कृष्णवर्णीय मनुष्याचा केलेला भीषण वध ह्या मुलानें लहानपणींच डोळ्यांनीं पाहिला. पुढें कुटुंब शिकागोस गेलें, आणि तेथें तो व्हायोलिन शिकला. मूकपटांच्या थिएटरांतून तेव्हां वाद्यवृंद असत; पण १९२७ नंतर चित्रपट बोलूं लागले आणि वादकांच्या नोकऱ्या गेल्या. गोऱ्यांच्या मोठ्या वृंदांचीं दारें तर बंदच होतीं. हिंटन ह्यांनीं प्रथम ट्यूबा व मग बास हातीं घेतला.

१९३६ सालीं कॅब कॅलोवे ह्यांच्या वृंदांत ते तात्पुरते म्हणून शिरले, ते १९५१ पर्यंत राहिले! तार ओढून ती पट्टीवर आपटविण्याची जुनी हातोटी त्यांस उत्तम साधली होती. १९३९ सालीं ती दाखविणारी स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. पण नव्याचीही त्यांस ओढ होती. तरुण डिझी गिलेस्पी ह्यांच्याबरोबर, खेळांच्या मधल्या वेळांत, तो अवजड बास घेऊन ते न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबच्या गच्चीवर चढत व नवे सुरमेळ घोकीत.

१९३५ मध्यें भेट मिळालेला एक कॅमेरा त्यांच्यापाशीं असे. दक्षिणेंतील प्रवासांत वृंदाचे साथी रेल्वेस्टेशनांवर 'केवळ कृष्णवर्णीयांसाठीं' अशा पाटीखालीं उभे आहेत, अशीं चित्रें त्यांनीं टिपलीं. रात्रीं ज्यांच्यापुढें गोरा श्रोतृवर्ग टाळ्या वाजवी, तेच हे लोक! आमच्या मतें ह्या चित्रांची योग्यता त्यांच्या वादनाहून तिळमात्र कमी नाहीं. साठ हजारांच्या आसपास निगेटिव्ह त्यांनीं मागें ठेविल्या.

कॅलोवेंचा वृंद मोडल्यावर कांहीं काळ हलाखीचा गेला. मग विनोदी नट जॅकी ग्लीसन ह्यांनीं त्यांस ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत नेलें. तेथें कृष्णवर्णीय वादक तोंवर क्वचितच दिसे. वाचून अचूक वाजविणें व वेळेवर हजर राहणें ह्या दोन गुणांवर त्यांनीं तेथें इतकें काम केलें कीं, जाझच्या इतिहासांत सर्वांत अधिक ध्वनिमुद्रिकांवर वाजविणाऱ्यांत त्यांची गणना होते. बिली हॉलिडे ह्या गायिकेच्या १९५९ मधील अखेरच्या ध्वनिमुद्रणाचीं चित्रेंही त्यांचींच.

उतारवयांत त्यांनीं न्यूयॉर्कच्या महाविद्यालयांत शिकविलें. १९८० सालीं, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, त्यांच्या नांवें तरुण बासवादकांसाठीं शिष्यवृत्तीचा निधि उभारण्यांत आला. १९ डिसेंबर २००० रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत त्यांचें देहावसान झालें.