गोचिडाची साक्ष
१९४४ साली युद्धाने उजाड झालेल्या क्रिमियात, सुगीच्या कामी लागलेले सोव्हिएत सैनिक रक्तस्रावी तापाने पडू लागले. मिखाईल चुमाकोव्ह यांच्या पथकाने त्याचा माग गोचिडांपर्यंत काढला. १९५६ मध्ये काँगोत सापडलेला विषाणूही हाच, हे १९६९ मध्ये स्पष्ट झाले.

जानेवारी २०११ मध्ये हा ताप गुजरातेत प्रकटला. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले. पाठोपाठ परिसरातील जनावरांच्या अंगावरचे गोचीड वेचून तपासण्यात आले. हायलोमा वंशाच्या गोचिडांत विषाणू आढळला.

हा खटाटोप कशासाठी? विषाणू अंगी भिनला तरी गाय-म्हैस आजारी दिसत नाही. निरोगी भासणाऱ्या गोठ्यातील धोका माणूस दगावण्यापूर्वी कळायचा, तर साक्ष गोचिडाचीच काढावी लागते.