बेबी डो प्रकरण
बेबी डो प्रकरण : गंभीर आजारी नवजात अर्भकाच्या उपचारांबाबत आईवडिलांच्या निर्णयाधिकाराची मर्यादा ऐरणीवर आणणारे अमेरिकेतील प्रकरण. ९ एप्रिल १९८२ रोजी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे डाउन सिंड्रोम असलेले एक अर्भक जन्मले. त्याची अन्ननलिका जठरापर्यंत पोचत नसल्याने त्याला तोंडाने दूध पाजता येत नव्हते. हा दोष शस्त्रक्रियेने दूर करता येतो. मात्र डॉक्टरांत मतभेद होते. शस्त्रक्रिया करू नये, हे प्रसूतितज्ज्ञाचे मत ग्राह्य धरून आईवडिलांनी ती नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले; पण राज्यातील न्यायालयांनी त्यांचा निर्णय बदलला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची तयारी चालू असतानाच १५ एप्रिलला अर्भक दगावले.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने नियम करून अपंगत्वामुळे अर्भकाचे उपचार वा पोषण रोखण्यास मनाई केली आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकाचे फलक रुग्णालयांत लावायला लावले. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द ठरविले. आईवडिलांच्या संमतीअभावी उपचार न होणे म्हणजे रुग्णालयाने केलेला भेदभाव नव्हे, असे न्यायालयाच्या मुख्य अभिमतात म्हटले होते; मात्र त्या अभिमताला न्यायमूर्तींचे पूर्ण बहुमत नव्हते. १९८४ चा बालअत्याचार प्रतिबंधक दुरुस्ती कायदा मात्र टिकला. त्यानुसार अर्भक कायमचे बेशुद्धावस्थेत असल्यास, उपचारांनी मृत्यू केवळ लांबणार असल्यास किंवा उपचार जवळजवळ निष्फळ व अमानुष ठरणार असल्यास ते थांबविता येतात. मात्र तेव्हाही योग्य पोषण, पाणी व औषधे द्यावीच लागतात.