पेट्रोल मागणाऱ्या मुलीचे गाणे

स्पॅनिशमध्ये 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल. जुलै २००४ मध्ये पोर्तो रिकोच्या डॅडी यँकीचा 'बारिओ फिनो' हा अल्बम आला आणि त्यातल्या 'गासोलिना'ने स्पॅनिशचा गंधही नसलेल्यांना नाचायला लावले. गाण्यातल्या मुलीला पेट्रोल फार आवडते, ती आणखी मागते. आता हे पेट्रोल कसले? कोणी म्हणाले दारू, कोणी अमली पदार्थ, कोणी थेट शरीरसुख. काहीजण तर तेलाच्या राजकारणापर्यंत जाऊन पोहोचले!

यँकीचा स्वतःचा खुलासा अगदी साधा आहे. सान हुआनमधल्या व्हिया केनेडी या सरकारी वसाहतीत तो राहत असे. पार्टीला जाण्यासाठी झकपक मोटारवाला गाठणाऱ्या मुलींना रस्त्यावरून कोणीतरी मारलेला टोमणा त्याने घरातून ऐकला आणि तोच गाण्यात आणला. खुलासा खरा असेल, पण तेवढ्याने भागत नाही. गाण्यात उघड अश्लील शब्द एकही नाही, तरीही साऱ्यांना दुसरा अर्थच आधी का ऐकू आला?

त्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते. शब्बा रँक्स या जमैकन गायकाच्या १९९० च्या 'डेम बो' गाण्याचा ठेका पोर्तो रिकोच्या पोरांनी उचलला, त्यावर स्पॅनिश रॅप चढवला आणि कॅसेटी हातोहात फिरू लागल्या. या संगीताला तेव्हा 'अंडरग्राउंड' म्हणत. १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध 'कठोर हाता'चे धोरण आणले आणि गरिबांच्या वसाहतींत नॅशनल गार्डचे सैनिक शिरले. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या कॅसेटी जप्त केल्या. आरोप होता अश्लीलतेचा आणि नशेला उत्तेजन दिल्याचा. २००२ मध्ये सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी रेगेटॉनच्या चित्रफितींविरुद्ध मोहीम उघडली. शब्दांत काय आहे यापेक्षा ते कोणत्या वस्तीतून आले, हे आधी पाहिले जात होते, असे मला वाटते. अशा हवेत वाढलेला गीतकार उघड बोलत नाही. तो मोटारीचे बोलतो आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोपवतो. (ते काम ऐकणारे आनंदाने करतात.)

२०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत 'गासोलिना'चा समावेश केला. त्या यादीतले हे पहिले रेगेटॉन गाणे. ज्या बेटावर त्याच्या पूर्वसुरींच्या कॅसेटी जप्त झाल्या, ते बेट १८९८ पासून अमेरिकेच्याच ताब्यात आहे.

वाद मात्र एकाच प्रश्नावर राहिला : हे गाणे बाईला वस्तू ठरवते का? यँकी टोमणा मारतो, हे खरेच. पण "आणखी" ही मागणी तो करत नाही, ती बाईच्या आवाजात येते. तो आवाज ग्लोरी या गायिकेचा. गाणे जगभर याच आवाजाने ओळखले गेले, आणि गायक म्हणून नाव लागले ते एकट्या यँकीचे.