उमेदवारीचा उंबरा

‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकांच्या धामधुमीत इतका झिजला आहे, की त्याच्या मूळ अर्थाचे स्मरण आज सहसा कोणास होत नाही. फारसीतून आलेला हा शब्द मूळचा कचेरीच्या ओसरीवरचा. नेमणुकीची उमेद धरून, बिनपगारी किंवा अल्पशा रोजमुऱ्यावर, कारकुनाच्या शेजारी बसून दफ्तरे बांधणारा आणि हिशेबाची वळणे डोळ्यांनी टिपून घेणारा तरुण, तो उमेदवार. पुढे कारखान्यांनी हाच शब्द उचलला आणि कायद्याच्या भाषेत ‘शिकाऊ उमेदवार’ जन्मास आला. जालना जिल्ह्यातील कसबी धंद्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते, की या मुलखातील स्त्रीच्या हातास काम कधीच कमी पडले नाही. तिच्या वाट्यास आली नाही, ती उमेदवारी.

कुंडलिकेच्या एका तीरावर जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशी ही जुनी पेठ. ‘सोने का पालना’ म्हणून तिची ख्याती. तिच्या आसपासच्या गावांतून बैलगाडीवर संसार लादून फिरणारे घिसाडी ज्यांनी पाहिले असतील, त्यांस एक दृश्य विसरणे कठीण आहे. पुरुष बैठक मारून सांडशीत तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो, लहान हातोडीने घाव कोठे पडावा ते दाखवतो, आणि समोर उभी असलेली त्याची स्त्री, कासोटा आवळून, जड घण डोक्यावरून फिरवून नेमका त्या खुणेवर आणते. तो घाव बोटभर चुकला तर विळा वाया जावयाचा. तथापि तो चुकत नाही. असे असूनही लोखंडाचा रंग पाहून त्यास पाणी केव्हा द्यावे, ही विद्या पुरुषाची समजली गेली, आणि कारागीर म्हणून गावाने ओळखले तेही त्यालाच.

कापसाचीही हीच कथा. सरकी काढण्याची चरकी जोवर घरात होती, तोवर ती फिरविणे हे बहुधा बायकांचेच काम होते. १९०० साली निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग मनमाडपर्यंत पुरा झाला, जालना त्या मार्गावर आले, आणि कापसाचा व्यापार वाढून जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची धुराडी मराठवाड्याच्या पेठांतून उभी राहिली. चरकीमागोमाग स्त्री कारखान्यात आली खरी. परंतु यंत्राच्या तोंडी कापूस घालण्यापुरती, रोजंदारीवर आणि हंगामापुरती. यंत्र उघडणारा, पट्टा चढविणारा, बिघाड कानाने ओळखणारा मिस्तरी मात्र पुरुषच राहिला.

येथे कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, स्त्रियांच्या जिवाची काळजी वाहताना, चालत्या यंत्रशक्तीच्या भागांची सफाई किंवा तेलपाणी त्यांनी करू नये, कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल त्या भागात, मध्ये छतापर्यंत भिंत असल्याखेरीज, त्यांस कामास लावू नये, आणि सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर सामान्यतः त्यांस कामावर ठेवू नये, असे निर्बंध घातले. पट्ट्यात सापडलेल्या पदराच्या हकिकती ज्या काळात विरळ नव्हत्या, त्या काळी या निर्बंधांचा हेतू सद्भावनेचा होता, यात शंका नाही. परंतु ज्याच्या हाती प्रथम तेलाची बुधली येते तोच पुढे मिस्तरी होतो, असा कारखान्याचा दस्तूर. सबब जिवाचे रक्षण करणाऱ्या त्याच कलमाने शिक्षणाची पहिली पायरीही काढून घेतली.

ही पायरी स्त्रियांना चढता येते, याचा दाखला महाराष्ट्रात त्यापूर्वीच मिळाला होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने अनाथ केलेल्या मुलींना आणि विधवांना विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे शिकविली. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले आणि पानेही त्यांनीच छापली. ज्यांस अक्षरओळखही नव्हती त्यांस आधी वाचावयास शिकवावे, मग खिळ्यांच्या घरांची ओळख करून द्यावी, आणि त्यानंतरच छापखान्यात उभे करावे, हा तेथील क्रम म्हणजे उमेदवारीपूर्वीचे प्रशिक्षणच होते.

स्वतंत्र भारतात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. प्रशिक्षण संस्थेतून न येता थेट कारखान्यात येणाऱ्या उमेदवारास प्रत्यक्ष कामावर उभे करण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण दिलेच पाहिजे, असा त्यात दंडक आहे. हे प्रशिक्षण म्हणजे काय, हे जोडाऱ्याच्या पहिल्या धड्यात दिसते. शेगड्यात लोखंडाचा चौकोनी तुकडा आवळावयाचा, दोन्ही पावले ठरल्या अंतरावर रोवून कानस पुढे रेटावयाची, आणि घासलेल्या पृष्ठावर गुण्या धरून तो उजेडासमोर न्यावयाचा. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली, की पुन्हा कानस. हातास फोड येतात, दिवस जातात, आणि एके दिवशी ती रेघ नाहीशी होते. या धड्यात स्त्री-पुरुष हा भेद शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडारी, कातारी, संधाता या व्यवसायांकडे मुलगे आणि शिवण-कर्तनाकडे मुली, अशी वाटणी दीर्घकाळ चालत राहिली. १९७७ च्या सुमारास दिल्ली, मुंबई व बंगलोर येथे खास स्त्रियांसाठी केंद्रीय संस्था निघाल्या, त्यांतही शिवण, सचिवकार्य आणि केशरचना यांना मोठे स्थान मिळाले.

याच काळात जालन्याच्या शिवारात स्त्रिया एक अत्यंत सूक्ष्म कसब आत्मसात करीत होत्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि संकरित बियाण्यांचा धंदा फोफावला. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखावयाची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद उतरावयाची, आतील कोवळ्या कुक्षीस ओरखडा उठू द्यावयाचा नाही, आणि दुसऱ्या सकाळी नरफुलाचा पराग तिच्यावर टेकवावयाचा; हे काम बहुतांशी स्त्रियांच्या आणि मुलींच्या बोटांनी झाले. घड्याळजीस शोभेल असे हे हस्तलाघव. पण हजेरीपटात त्याची नोंद ‘मजूर’ एवढीच.

आज जालना पोलादाच्या सळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. भट्ट्या अहोरात्र पेटलेल्या असतात, आणि रात्रपाळीचा जुना निर्बंधही आता अटींसह सैल झाला आहे. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत थेट येणाऱ्या उमेदवारांच्या ५०० तासांपर्यंतच्या मूलभूत प्रशिक्षणाचा खर्च काही मर्यादेपर्यंत सरकारने सोसण्याची तरतूद झाली. १९६१ चा कायदा उमेदवाराचे वय, शिक्षण आणि शरीरप्रकृती विचारतो. तो स्त्री की पुरुष हे विचारीत नाही. तेव्हा अडचण कायद्याची राहिलेली नाही, उंबऱ्याची आहे. आणि जालन्याच्या कारखानदारांस विनंती एवढीच, की पुढील खेपेस मूलभूत प्रशिक्षणाचे शेगडे मांडताना त्यांतील काही, नखाने कळी सोलणाऱ्या त्या मुलींसाठी राखून ठेवावेत.